मुख्याध्यापकाचा चार्ज घेतलाय, अडलं की फोन कोणाला?

जिल्हा परिषद शाळेचा चार्ज हाती आला की वर अधिकारी, खाली सहकारी, बरोबरीचं मात्र शाळेत कोणीच नाही. मदतीची माणसं जोडायची कशी, हे जाणकारांनी नेमकं लिहावं. 'संपर्क वाढवा' छाप सल्ले नकोत.

माणदेशी मास्तर: केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका. तिथे 'माहिती आजच पाठवा' आणि वाढदिवसाचे केक, दोनच गोष्टी चालतात. या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख वाचताहेत म्हटल्यावर खरी शंका कोण विचारणार? चार-पाच मुख्याध्यापकांचा वेगळा गट करा, त्यात एक तरी दुसऱ्या जिल्ह्यातला घ्या. बदलीत ज्यांचा एकाच शाळेवर डोळा, त्यांच्यात मोकळं बोलणं होत नाही.

खिचडीवाल्या बाई: माणसं कामागणिक धरा. शालार्थचं (ऑनलाइन पगाराचं) बिल एकाला, यू-डायस प्लस (शाळेची ऑनलाइन माहिती भरणं) दुसऱ्याला, पोषण आहार तिसऱ्याला. वहीत तीन रकाने आखा: काम, कोणाला विचारायचं, त्याला आपला उपयोग काय. तिसरा रकाना कोरा राहिला की वर्षभरात ती माणसं फोन उचलेनाशी होतात.

आणि विचारताना आकडे द्या. नुसतं 'तांदूळ जुळत नाही' म्हटल्यावर कोण काय सांगणार? पहिली ते पाचवी मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५०. खालची ४२ आणि वरची २० मुलं जेवली तर ४.२ अधिक ३, म्हणजे ७.२ किलो. सरसकट १०० नं गुणलं की ६.२ येतात. रोज एक किलोचा फरक, २४ दिवसांत २४ किलो! वर्गवार हजेरी आणि साठा नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला तर समोरचा दोन मिनिटांत चूक दाखवतो.

निवृत्त हेडमास्तर: एक माणूस जुना, निवृत्त असू द्या. तो जनरल रजिस्टरसाठी, म्हणजे मुलांच्या दाखल-नोंदीच्या वहीसाठी, लागतो. 'जन्मतारीख तेवढी बदलून द्या' म्हणत गावातलं वजनदार माणूस समोर बसलं की जागच्या जागी हो-नाही करू नका. 'कागद बघून उद्या सांगतो,' म्हणा आणि त्या निवृत्ताला फोन लावा. वरिष्ठांच्या लेखी मंजुरीशिवाय रजिस्टरला पेन लावायचं नाही, हे तुम्हालाही ठाऊक असतं, पण त्या क्षणी दुसऱ्या कोणीतरी ते ठामपणे सांगावं लागतं.

पालकसभा: गावातला आधार सरपंचांपुरता ठेवू नका, निवडणुकीनंतर तो बदलतो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. वायरिंग येणारा कोण, हिशेब तपासू शकणारी आई कोण, हे पहिल्याच बैठकीत टिपून घ्या.

डोंगरची शाळा: असे गट मोडतात ते चुगल्यांपायी. सहकाऱ्याचं नाव न घेता अडचण मांडायची, स्क्रीनशॉट बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि एका बैठकीत एकाचाच प्रश्न घ्यायचा. सगळ्यांचे घेतले की नुसतं रडगाणं होतं.

नवा प्रभारी: दोन शिक्षकी शाळेत बैठकीला गेलं की वर्ग उघडे पडतात. वेळ कुठून काढायचा?

डोंगरची शाळा: वेगळी बैठक कशाला? केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, महिन्याला असतेच. ती संपली की तिथेच अर्धा तास थांबा. बाहेरच्या जिल्ह्यातल्याला तेवढ्यापुरता फोन लावा, स्पीकरवर.