सल्ला हवा: प्लाझ्मातून उच्च हार्मोनिक्स, एमएस्सी प्रोजेक्ट, सांगली

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सांगलीत एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 2023 चं नोबेल अगोस्तिनी, क्राउस आणि लुईलिये यांना मिळालं तेव्हापासून अ‍ॅटोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग) हा विषय डोक्यातून जात नाही. वायूतली हार्मोनिक्स (लेसरच्या वारंवारतेच्या पटीतल्या वारंवारतेचा प्रकाश) बऱ्यापैकी वाचून झालीत. आता ओढ आहे ती घन पदार्थावर जबरदस्त तीव्रतेचा लेसर पडला की पृष्ठभागावर जो प्लाझ्मा (सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांचं मिश्रण) होतो, त्यातून निघणाऱ्या हार्मोनिक्सची. तो प्रकाश हवा तसा काढायचा कसा, यावर काम करायचंय. लॅबमध्ये हीलियम-निऑन लेसर आहे, त्यावर हे होणार नाही हे कळतं. मग नुसत्या सिम्युलेशनवर प्रोजेक्ट उभा राहील का? कोड कुठला घेऊ? लॅपटॉप 16 जीबीचा आहे. सर म्हणतात विषय छान, पण आवाका मोठा. सिनॉप्सिस लवकरच द्यायचाय.

मिरजवाला
वायूच घ्या ताई. भौतिकशास्त्रज्ञ पॉल कॉर्कमचं 1993 चं तीन पायऱ्यांचं मॉडेल (इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो, लेसरच्या क्षेत्रात वेग घेतो, परत येऊन आदळतो) घेतलं तर सगळं पायथॉनमध्ये बसतं. आयनीकरण ऊर्जा अधिक 3.17 पट पॉन्डरोमोटिव्ह ऊर्जा (लेसरमध्ये हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा), हा कटऑफ म्हणजे हार्मोनिक्सची वरची मर्यादा काढून दाखवला की परीक्षक खूश.

प्रकाशवेध
मिरजवाले, तुमचं म्हणणं व्यवहाराचं आहे, पण तो प्रोजेक्ट दरवर्षी कुणीतरी करतं. हिला जे करायचंय ते लॅपटॉपवर होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आवाका कमी करायचा तर एकच गोष्ट धर: पृष्ठभागापुढचा प्लाझ्माचा उतार. लेसर येतो तेव्हा पृष्ठभाग कधीच कापल्यासारखा सरळ नसतो. घनता शून्यापासून हळूहळू चढत जाते, आणि ती किती अंतरात चढते यावर पुढचं बरंच काही ठरतं. उतार फार तीव्र असेल आणि लेसर तिरपा पडत असेल, तर आत ओढलेले इलेक्ट्रॉन प्लाझ्मा लहरी उठवतात आणि त्यांतून हार्मोनिक्स निघतात. त्यांची मर्यादा टार्गेटच्या घनतेवर असते. घनता क्रांतिक घनतेच्या (जिच्यापुढे लेसर प्लाझ्मात शिरू शकत नाही ती) 400 पट असेल तर 20 व्या हार्मोनिकपर्यंतच. तीव्रता 10 च्या 18 व्या घाताच्या (वॅट प्रति चौरस सेंमी) पुढे नेली आणि उतार तरंगलांबीच्या दहाव्या ते पाचव्या भागाच्या आसपास ठेवला, की दुसरी यंत्रणा जोर धरते. पृष्ठभागच प्रकाशाच्या वेगाजवळ पुढेमागे हलतो आणि परतणारी लाट दाबली जाते. इथे घनतेची ती मर्यादा लागू नाही. उतार आणखी वाढवलात की मात्र उत्पन्न घसरतं.

प्रयोगात हा उतार कसा बदलतात ते बघण्यासारखं आहे. मुख्य पल्सआधी (पल्स म्हणजे लेसरचा क्षणिक झोत) काही पिकोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग) एक कमी ताकदीची पल्स सोडतात, तेवढ्यात पृष्ठभाग काही दशक नॅनोमीटर फुगतो. एक पिकोसेकंद वाढवायचा तर प्रकाशाला 0.3 मिमी जास्त वाट द्यायची. जाऊन-येऊन धरलं तर आरसा 0.15 मिमी सरकवला की झालं. एवढ्या साध्या हालचालीनं सगळा वर्णपट बदलतो, मला याचं अजून अप्रूप वाटतं. अट एकच, मुख्य पल्सच्या पायथ्याचा प्रकाश आधीच पृष्ठभाग बिघडवणारा नको. म्हणून कॉन्ट्रास्टवर, म्हणजे मुख्य पल्स त्या पायथ्यापेक्षा किती पट तीव्र यावर, एवढा जीव टाकतात.

कोड म्हणशील तर स्माईली (Smilei), प्लाझ्मातले कण आणि क्षेत्रं जाळीवर सोडवणारा. फुकट आहे, इनपुट पायथॉनमध्ये लिहायचं. एका मितीत, सरळ पडणारा लेसर, घनता क्रांतिकच्या 100 पट, घातांकी उतार. तरंगलांबीचे निदान 500 भाग कर, नाहीतर वरची हार्मोनिक्स गाळली जातील.

कृष्णाकाठची
खूप आभार सर! पण आलेलं उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखू? इथे ताडून बघायला कुणी नाही.

प्रकाशवेध
त्यासाठी दोन कसोट्या आहेत, दोन्ही कर. सरळ आपाताला फक्त विषम हार्मोनिक्स यायला हवीत. सम दिसली तर जाळी किंवा कणसंख्या तपास. आणि ध्रुवीकरण वर्तुळाकार कर. पृष्ठभागाला दुप्पट वारंवारतेनं ढकलणारं बल तेव्हा नाहीसं होतं, त्यामुळे हार्मोनिक्स जवळपास मावळली पाहिजेत. हे आपोआप प्रकाशावरचं एक नियंत्रणही झालं, सिनॉप्सिसमध्ये घाल.

आकाशवाडी_सातारा
इंदूरचं आरआरकॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) हेही बघा. तिथे वेगळ्या वाटेनं काम झालंय: आधी एका पल्सनं धातूची विरळ वाफ-प्लाझ्मा उडवायची, मग त्यातून फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) पल्स न्यायची. तिथे धातू निवडणं हेच नियंत्रण. इंडियमच्या प्लाझ्मात 800 नॅनोमीटरच्या लेसरचं 13 वं हार्मोनिक, म्हणजे 61 नॅनोमीटरच्या आसपासचं, शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी ठळक येतं, कारण ते आयनाच्या एका संक्रमणाशी जुळतं. घन टार्गेटवरचं काम प्रत्यक्ष बघायचं असेल तर मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) उन्हाळी कार्यक्रमाला अर्ज टाका. सिम्युलेशन हातात असेल तर अर्जात लिहायला काहीतरी ठोस राहतं.

आणि लाईट जाण्याची सोय करून ठेवा. स्माईलीत चेकपॉइंटची (अर्धवट काम साठवून तिथून पुढे सुरू करण्याची) सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

कृष्णाकाठची
चेकपॉइंटचं लक्षात ठेवते दादा. शेवटचं एक: परतलेली लाट येणाऱ्या लाटेपासून वेगळी कशी काढू? प्रोबला (कोडमध्ये एका जागी क्षेत्र मोजणारा बिंदू) दोन्ही मिसळून दिसतात.

प्रकाशवेध
प्रोब टार्गेटच्या पुढे निर्वातात ठेव. कोडच्या एककांत उजवीकडे जाणाऱ्या लाटेत ईवाय (विद्युतक्षेत्राचा y घटक) आणि बीझेड (चुंबकीय क्षेत्राचा z घटक) सारखे असतात, डावीकडे परतणाऱ्या लाटेत चिन्ह उलटं. म्हणून दोघांची वजाबाकी करून निम्मी घे, उरते ती फक्त परतलेली लाट. तिचा फूरिअर (वारंवारतांत विभागणी) घे आणि उभा अक्ष लॉगवर ठेव. पहिला आलेख आला की इथेच टाक, उताराच्या कोणत्या किमती घ्यायच्या ते बघून सांगतो.