मदत हवी आहे: अप्पांना लघवीची नळी आहे, लिंगाला खूप सूज आलीय, सोमवारपर्यंत थांबता येईल का?

कोयनाकाठ, शनिवार रात्री ९:१०

विषय नाजूक आहे, पण आत्ता विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून इथे लिहितेय.

अप्पा ७४ वर्षांचे. प्रोस्टेट वाढल्यामुळे दहा दिवसांपूर्वी लघवी पूर्ण अडली. तालुक्याला नेलं, तिथे नळी घातली आणि पंधरा दिवस ठेवा म्हणून घरी सोडलं. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. रोजची स्वच्छता आई करते. आज सकाळपासून अप्पा पाय फाकवून चालत होते. विचारलं तर "काही नाही, नळी टोचते" एवढंच. संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की खाली भलतीच सूज आहे.

मला बघू देत नाहीत. मुलीला कसं दाखवणार, हे मीही समजू शकते. भाऊ पुण्यात आहे. आई सांगते त्यावरून लिहिते: पुढचं बोंड फुगलंय, लालसर जांभळट झालंय. त्याच्यामागे कातडीची पाणी भरल्यासारखी गुबगुबीत वळी आहे, आणि वळीच्या मागे दोरा बांधल्यासारखी घट्ट रेघ. हात लावला की ओरडतात. पिशवीत लघवी उतरतेय, ताप नाही. नळी घालणारे डॉक्टर सोमवारी भेटतील. अप्पांचं म्हणणं, एरंडाचं पान गरम करून बांधू आणि सोमवारी बघू. थांबलं तर चालेल का?

रातपाळी, ९:१६

ताई, मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. एकच सांगा. आईंनी शेवटचं पुसलं तेव्हा कातडी मागे घेतली होती का? आणि परत पुढे आणली होती का?

कोयनाकाठ, ९:२१

विचारलं. काल संध्याकाळी मागे घेतली होती. कातडी मागे घेऊन साबणाच्या पाण्यानं पुसायचं, असं दवाखान्यातच सांगितलं होतं. परत पुढे आणायची हे कुणी बोललंच नाही. एरवी आपोआप यायची म्हणे, काल आली नाही. आई रडायला लागलीय.

रातपाळी, ९:३०

आईंना आधी जवळ घ्या. त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी नीट केलं. अर्धी सूचना देऊन घरी पाठवलेले असे पेशंट आम्ही बघतो, आणि दर वेळी घरातली बाई स्वतःला दोष देत उभी असते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा पॅराफायमोसिस वाटतो. मागे गेलेली कातडी बोंडामागे अडकते. घट्ट बांगडी मनगटात अडकली की हात कसा सुजतो, तसंच. रक्त आत येतं पण परत जाताना अडतं, म्हणून सूज. सूज वाढली की ती बांगडी आणखी आवळते. शेवटी आत येणारं रक्तही थांबतं आणि बोंड काळं पडायला लागतं. चोवीस तास होऊन गेलेत, त्यात शुगर. सोमवार नाही, आत्ता निघा. जिथे रात्री सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट येऊ शकतो अशा ठिकाणी, फोन करून विचारून जा. गाडी नसेल तर १०८ लावा.

पान बांधू नका, शेकू नका. नळी ओढू नका, आत फुग्यात पाणी भरलेलं असतं. कातडी जोर लावून पुढे ढकलायचा प्रयत्न घरी नको. वाटेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ दोन-चार मिनिटं धरा, मग काढा, परत धरा. बर्फ थेट कातडीला नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत घ्या. आता खायला काही देऊ नका, वेळ आली तर भूल द्यावी लागेल.

अप्पांना सांगा, तिथे पुरुष डॉक्टर मागता येतो आणि पडदा लावून तपासतात. मुलगी बाहेर थांबेल म्हणावं.

कोयनाकाठ, ९:३४

निघतोय. शेजारचे काका गाडी काढतायत.

एक वाचक, ११:०५

ताई, तुमच्या वडिलांना आराम पडो. माझं दुखणं वेगळं, पण धागा कुणी शोधत आला तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो. गेल्या वर्षी संबंधाच्या वेळी काडकन आवाज आला, ताठरपणा तिथल्या तिथे गेला आणि तासाभरात सगळं वांग्यासारखं जांभळं. तिथे हाड नसतं, मग मोडणार काय, असं समजून दोन दिवस लाजेनं घरी काढले. आतल्या नळ्यांवरचं जाड आवरण फाटलेलं होतं. ऑपरेशन करून शिवलं, पण उशिरा गेल्यामुळे थोडा बाक राहिलाय. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लघवीतून रक्त आलं का हा, कारण तसं असेल तर मूत्रमार्गही फाटलेला असू शकतो. बायको त्याच रात्री चला म्हणत होती. तिचं ऐकायला हवं होतं.

कोयनाकाठ, रविवार सकाळी ७:४०

घरी आलो. पॅराफायमोसिसच होता. बधिर करायची जेली लावून डॉक्टरांनी हातात धरून सूज सावकाश दाबत दाबत उतरवली, आईच्या घड्याळानं दहा-बारा मिनिटं, आणि मग कातडी पुढे आली. ती आली नसती तर घट्ट भागावर छोटा काप द्यावा लागला असता, म्हणाले. रंग परत आलाय. गाडीत बसताना अप्पा माझ्याशी बोलत नव्हते. येताना त्यांनीच विचारलं, "तू जेवलीस का?"

रातपाळीताई, तुमचं नावही माहीत नाही, पण आईनं तुमच्यासाठी देवापुढे दिवा लावलाय. अजून एक विचारायचंय. गुरुवारी नळी काढणार आहेत. काढल्यावर लघवी झाली नाही तर घरी किती वेळ वाट बघायची?

रातपाळी, ८:१५

वाचून डोळे भरून आले. गुरुवारी सकाळीच जा आणि नळी काढल्यावर एकदा लघवी होईपर्यंत तिथेच थांबू द्या म्हणा. घरी आल्यावर ओटीपोट टम्म वाटलं, कळ येऊनही थेंबथेंबच होत असेल, तर रात्र काढू नका, परत न्या. आणि तोवर पुसताना कातडी मागे घेतली की पुढे आणल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. पुढे येत नाही असं दिसलं तर आईंना म्हणावं, त्याच मिनिटाला तुम्हाला हाक मारा.