मदत हवी आहे: मारुती ८०० चा लोकल फेंडर नीट बसत नाही

नमस्कार मंडळी. बाबांची १९९८ ची मारुती ८०० आहे, रत्नागिरीत. खाऱ्या हवेने डाव्या बाजूचा पुढचा फेंडर (चाकावरचा पत्रा) चाकाच्या कमानीपाशी पार कुजला, म्हणून बाजारातून लोकल (कंपनीचा नसलेला) फेंडर आणला. आता बसवताना जीव मेटाकुटीला आलाय.

बोनेटच्या बाजूची भोकं चार-पाच मिलिमीटर पुढे आहेत. ओढून बोल्ट लावले, तर दाराजवळ वर करंगळी जाईल एवढी फट राहते आणि खाली दार उघडताना कड घासते. बाजूने जाणारी उठावाची रेघ दारावरच्या रेघेशी जुळत नाही. पत्राही पातळ, अंगठ्याने दाबला तर डबडब वाजतो. वरचा काळा रंग नखाने निघतो, आणि आत गंजाचे ठिपके दिसले.

डेंटर म्हणतो, "पुटी भरून देतो, कळणारही नाही." मला ते पटत नाही. आमच्याकडच्या पावसात जाड पुटीला तडे जातात आणि आत पाणी मुरतं.

माझा विचार असा: कानशीने भोकं लांबट करायची, बोल्टखाली वॉशर देऊन फट जुळवायची, काळा रंग पूर्ण काढून इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारं अस्तर) मारायचा. पण ती रेघ कशी जुळवू? कड कापून वेल्डिंग केलं तर एवढा पातळ पत्रा उष्णतेने वाकेल ना? की कुर्ल्याच्या भंगारात जुना ओरिजिनल शोधणंच बरं?

कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. बाबांना गणपतीला गाडी रस्त्यावर हवी आहे.