कधीच न संपणारं सुख: देऊ केलं तर घ्याल का?

रानवाट:
दुःख नाही, म्हातारपण नाही आणि हे कधी संपणारही नाही, असा परलोक कुणी देऊ केला तर मी नको म्हणेन. 'हेचि दान देगा देवा' आपण कीर्तन संपताना म्हणतो, पण तुकोबा त्यात काय मागतात? 'न लगे मुक्ति धनसंपदा', आणि शेवटी 'तुका म्हणे गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी'. ज्या गर्भवासाच्या भीतीने लोक मोक्ष मागतात, तोच त्यांनी आनंदाने मागून घेतला.

माझी आजी वारीला जायची. वाखरीपर्यंत टाचांना भेगा पडायच्या, रात्री त्यात मेण भरून ती झोपायची. घरी आली की दर्शनाबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि वाटेबद्दल महिनाभर. तिला कायमचं गाभाऱ्यात नेऊन बसवलं असतं तर ती रमली असती, असं मला वाटत नाही.

कोरडवाहू:
सहमत. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ साली हाच पेच मांडला. अनंत काळ मी आहे तसाच राहिलो, तर कधी ना कधी सगळ्याचा वीट येईल. आणि वीट येऊ नये म्हणून पार बदलत गेलो, तर ते सुख भोगणारा 'मी' उरतच नाही. महाभारतातल्या मुद्गल ऋषींनीही स्वर्गात न्यायला आलेलं विमान परत पाठवलं होतं.

शेवंती:
मुद्गलांची गोष्ट पुरती सांगा. त्यांनी देवदूताला स्वर्गाचे दोष विचारले, तेव्हा तो म्हणाला, तिथे नवं कर्म नाही, फक्त फळ भोगायचं आणि पुण्य सरलं की खाली पडायचं. स्वर्ग संपतो म्हणून त्यांनी तो सोडला आणि जिथून पडणं नाही असं पद शोधलं. गीतेतलं 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति' हेच सांगतं. आणि रानवाट, 'न लगे मुक्ति'च्या पुढचेच शब्द तुम्ही गाळलेत: 'संतसंग देई सदा'. सदा! संपू नये असं तुकोबांनाही वाटत होतं.

माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याचा चष्मा माझ्या कपाटात आहे, मोडक्या काडीला त्यानेच काळा दोरा गुंडाळलेला. त्याच्याशी चाललेलं बोलणं अर्धं राहिलंय. मला कंटाळ्याची भीती घालू नका. कंटाळा यायला आधी पोटभर मिळावं लागतं.

रानवाट:
'सदा'वरून मी घाईने पुढे गेलो, कबूल. पण लगेच पुढच्या जन्माची तयारी आहेच, म्हणजे तो संग त्यांना याच मातीत हवाय. तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तरी विचारतो, राग मानू नका. जिथे काही मोडतच नाही, तिथे चष्मा नसेल, दोरा गुंडाळणंही नसेल. मग भेटेल तो तोच असेल का?

शेवंती:
राग नाही. हा प्रश्न मीही रात्री स्वतःला विचारलाय. चष्मा नसू दे. चालताना तो डावा खांदा जरासा खाली टाकायचा. लांबून येताना दिसला तरी मी ओळखेन.