सेल्फ मारला की नुसतं ‘टक’, बॅटरी नवी आहे

टोमॅटोवाला:
डिझेल पिकअप, १२ वर्षं जुनी. नारायणगावहून पहाटे ३ ला माल घेऊन निघतो. आठवडा झाला, चावी फिरवली की एकदाच ‘टक’ आणि गप्प. पाच-सहा वेळा मारला की कधीतरी उचलते. हेडलाइट झक्क पेटतात. बॅटरी बदलली, फरक शून्य. आता गॅरेजवाला चावीचा स्विच बदलायचा म्हणतोय. बदलू?

जुना वायरमन:
स्विचला हात लावू नका दादा. ‘टक’ होतंय म्हणजे चावीचं काम झालंय.

चावीकडून येणारी बारीक वायर सोलेनॉइडच्या (सेल्फवर बसवलेला चुंबकी स्विच) ५० नंबरच्या टोकावर लागते. तिच्या करंटने आतला प्लंजर (लोखंडी दांडा) ओढला जातो. तो एकीकडे पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या चाकाच्या) दातांत ढकलतो, दुसरीकडे तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबतो. मोटरला करंट मिळतो तो त्या चकतीतून, बॅटरीकडून ३० नंबरवर आलेल्या जाड केबलचा. दोन हेडलाइट मिळून ९-१० अँपिअर खातात, डिझेलचा सेल्फ दोनशेच्या वर सहज जातो. तेव्हा लाइटवर जाऊ नका.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर (क्लॅम्पवर नाही, शिशावर), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी (बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणारी) सडली. मग प्लस खुंट ते ३० नंबर तसंच बघा. मोटर गप्प आणि दोन्हीकडे काटा जवळपास शून्यावर, तर करंट वाहतच नाही. खोट सेल्फच्या पोटात.

बांधावरचा:
आमच्या ट्रॅक्टरला हातोडीची एक टिचकी दिली की चालू व्हायचा!

जुना वायरमन:
कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) अडकलेले असले की टिचकीने हलतात. पण चुंबकवाला सेल्फ असेल तर ठोकू नका, चुंबक तडकतं. आणि ‘कटकटकट’ असा आवाज असता तर मी आधी बॅटरी-अर्थच बघितलं असतं.

टोमॅटोवाला:
दोन्हीकडे शून्य आलं. मायनस काढून सेल्फ उतरवला. चकतीला काळे खड्डे, एक बोल्ट अर्धा खाल्लेला. पण मग मधेच एखादवेळी उचलायची कशी?

जुना वायरमन:
चकती थोडी फिरते. चांगली बाजू समोर आली की लागते. बोल्ट दोन्ही बदला, एकच नको. आणि कार्बन किती उरलेत तेही बघून घ्या, उघडलाच आहे तर.