मदत हवी आहे: पायावरच्या स्पायडर व्हेन्स, लेझर करू की इंजेक्शन? (पुणे)

गवतीचहा

नमस्कार मंडळी. आधी सर्च करून बघितलं, पण सापडले ते सगळे धागे लेझर हेअर रिमूव्हलचे नाहीतर मोठ्या व्हेरिकोज व्हेन्सच्या ऑपरेशनचे, म्हणून नवीन काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर प्लीज हलवा.

तर प्रकार असा. वय ४३, शाळेत शिकवते म्हणजे दिवसभर उभं राहणं आलंच. दोन्ही मांड्यांवर बाहेरच्या बाजूला आणि उजव्या गुडघ्याच्या मागे लाल-जांभळ्या बारीक शिरांची जाळी आहे. पहिल्यांदा धाकट्याच्या वेळी दिसली, बाळंतपणानंतर बरीचशी गेली, मग हळूहळू परत आली आणि आता पसरतेय. हाताला काही लागत नाही, फुगीर नाहीत. संध्याकाळी पाय जड होतात पण ते आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचेच होतात. आईला मात्र चांगल्या गाठी गाठींच्या व्हेरिकोज व्हेन्स होत्या.

इतकी वर्षं साडी-सलवारीत सगळं झाकलं गेलं. आता मुलांबरोबर पोहायला जायला लागलेय आणि तिथे एका चिमुरडीने अगदी निरागसपणे विचारलं, काकू तुमच्या पायावर पेनाने कोणी गिरवलं? सासूबाईंचं म्हणणं या वयात कोण बघतंय. अहो, मी बघते ना रोज.

दोन ठिकाणी जाऊन आले. पहिलं एक चकाचक स्किन क्लिनिक. तिथे अर्धा तास बोलली ती काउन्सेलर, डॉक्टर शेवटी दोन मिनिटं डोकावल्या. लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज, आज पैसे भरले तर मोठा डिस्काउंट, शंभर टक्के जातील, परत येणार नाहीत, काही डाग नाही, लगेच घरी. मशीन कुठलं विचारलं तर म्हणाली "मॅम, इम्पोर्टेड आहे".

मग फॅमिली डॉक्टरांनी एका व्हॅस्क्युलर सर्जनचं (रक्तवाहिन्यांचे सर्जन) नाव दिलं. ते म्हणाले आधी पायाचं कलर डॉप्लर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करून या, मोठ्या शिरांमध्ये दोष नसेल तर इंजेक्शन देऊ (स्क्लेरोथेरपी), लेझरचं नंतर बघू, उरलंसुरलं काही असेल तर. वर हेही म्हणाले की सगळं जाईल असं मी लिहून देणार नाही, आणि सुरुवातीचे काही आठवडे पाय आत्तापेक्षा वाईट दिसतील. हे ऐकून माझा अर्धा उत्साह तिथेच गळाला.

आता एक म्हणतो सगळं जाईल, दुसरा म्हणतो आधी वाईट दिसेल. ज्यांनी खरंच करून घेतलंय त्यांनी सांगा, दुखतं किती, गव्हाळ रंगावर डाग राहतात का, शाळेला दांडी किती मारावी लागेल, मेडिक्लेममध्ये बसतं का, आणि पुन्हा येतात का. आणि ते डॉप्लर खरंच लागतं की उगाच बिल वाढवायला? क्लिनिकवाल्यांचे रोज फोन येतायत, ऑफर संपतेय म्हणून.

कोथरूडकर

ताई, दुखत नाही खुपत नाही तर कशाला त्या भानगडीत पडता. रोज पाच किलोमीटर चाला, आपोआप बरं होईल.

गवतीचहा

कोथरूडकर, चालतेच हो मी. शिरांनाही सांगून बघितलं, ऐकत नाहीत.

रानजाई

आलेल्या शिरा चालून जात नाहीत, पाय हलके वाटतात इतकंच. चालणं चांगलंच आहे, पण हा त्याचा उपाय नाही.

गचहा, मी मागच्या हिवाळ्यात इंजेक्शनं घेतली, ठाण्याला. माझाही रंग गव्हाळच. सविस्तर लिहिते म्हणजे तुला कल्पना येईल.

सुई एकदम बारीक, इन्सुलिनच्या सुईसारखीच. एकाच बैठकीत बऱ्याच ठिकाणी टोचतात. टोचण्यापेक्षा औषध आत जाताना किंचित चुरचुरतं. मी मान वर करून बघत होते, औषध सोडलं की ती लाल रेघ डोळ्यादेखत पांढरी होत पुढे पुढे जाते आणि थोड्या वेळाने परत रंग भरतो. मला वाटलं झालं, फुकट गेलं! डॉक्टर हसले, म्हणाले आता आतून भिंती चिकटतील, मग शरीर ती शिर हळूहळू जिरवेल, तुम्हाला फरक दिसायला काही आठवडे जातील. पहिले काही तास डास चावल्यासारख्या गांध्या उठल्या, खाज पण. त्या उतरल्या आणि मग आलं ते निळं-काळं. तुझे डॉक्टर म्हणाले ना आधी वाईट दिसेल, ते अगदी खरंय, मला नवऱ्याने विचारलं की पडलीस कुठे. त्यात दोन-तीन जागी कडक दुखरे मणी झाले, आत रक्त अडकून राहतं म्हणे. फॉलोअपला सुईने टोचून ते काढलं, त्यामुळे डाग पण कमी राहतो. तेव्हा फॉलोअप चुकवू नकोस.

टोचून झाल्यावर लगेच पाय आवळून धरणारं लांब स्टॉकिंग चढवतात आणि चालायला लावतात. मी खालीच हॉस्पिटलच्या आवारात फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी कामावर. दांडीची गरज नाही, पण तुझ्या शाळेत पूर्ण दिवस एका जागी उभं राहणं सुरुवातीला टाळता आलं तर बघ.

डाग: हो, राहिले. शिर गेली आणि तिच्या जागी तपकिरी रेघ उरली. बहुतेक आता पुसट झाल्यात, एक अजून दिसते. माझं समाधान आहे का? आहे, पण सगळं गेलं असं नाही. आणि एका बैठकीत होत नाही, मध्ये काही आठवडे सोडून परत जावं लागतं.

निळीरेघ

मी व्हॅस्क्युलर ओपीडीत काम करतो, पुणे नाही. इथे कोणाला तपासून सांगता येत नाही त्यामुळे सर्वसाधारण लिहितोय.

पहिलं, डॉप्लर. बारीक शिरा म्हणजे एक मिलीमीटरच्या आतल्या. त्यांच्या मागे बरेचदा एखादी हिरवट-निळी, जरा जाड शिर असते जी त्यांना रक्त पुरवत राहते, आणि कधी त्याच्याही मागे मांडीतल्या मुख्य शिरेच्या झडपा नीट मिटत नसतात. तसं असताना वरवरची जाळी जाळली तर पाणी चालू ठेवून फरशी पुसल्यातला प्रकार होतो, जाळी परत येते. प्रत्येकाला डॉप्लर लागतंच असं नाही, पण आईला व्हेरिकोज, पाय जड होणं, उभं राहण्याचं काम, या तिन्हीत तुम्ही बसता, मी असतो तर केलंच असतं. घोट्याजवळ पंख्यासारखी जाळी असेल तर नक्कीच. एक बघा, डॉप्लर उभं राहून केलं पाहिजे. टेबलावर आडवं झोपवून दोन मिनिटांत उरकलं तर झडपांचं काही कळत नाही.

दुसरं, लेझर. लेझर हा शब्द इथे वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात म्हणून लोक गोंधळतात. व्हेरिकोजला शिरेच्या आत फायबर घालून लेझर करतात, ते वेगळं, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. तुम्हाला सांगतायत ते कातडीवरून मारायचं. त्यात रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं, तापतं आणि शिर आतून भाजून बंद होते. अडचण अशी की आपल्या कातडीतलं मेलॅनिनही तोच प्रकाश शोषतं, त्यामुळे सावळ्या-गव्हाळ रंगावर भाजणं आणि डाग याची भीती गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. म्हणून आपल्याकडे पायासाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं लाँग पल्स एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित धरतात. ५३२ किंवा आयपीएल (लेझर नव्हे, तीव्र प्रकाशाचे झोत मारणारं मशीन) असेल तर मी तरी पायावर घेणार नाही, उन्हात काळवंडलेल्या पायावर तर बिलकुल नाही.

आणि "१०६४ आहे" एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच क्लिनिकमध्ये टॅटू आणि वांगाचे डाग काढायला क्यू-स्विच याग असतं, तेही १०६४च, पण त्याचा पल्स नॅनोसेकंदांचा. शिरेला मिलीसेकंदांचा लागतो. मशीनचं नाव, मोड, आणि हँडपीस कोण धरणार, डॉक्टर की टेक्निशियन, हे तिन्ही विचारा. उत्तर "इम्पोर्टेड" असेल तर उठून या.

पायासाठी पहिली पसंती जगभर इंजेक्शनच आहे. सुई जाणार नाही इतक्या बारीक शिरा, इंजेक्शननंतर उरलेल्या, किंवा सुईची प्रचंड भीती, तिथे लेझर. शंभर टक्के आणि कायमचं असं कुठल्याच पद्धतीत नाही. बंद झालेली शिर सहसा परत उघडत नाही पण नवीन येऊ शकतात, कारण मूळ कल आहेच.

डाग दोन जातीचे. इंजेक्शननंतरचा तपकिरी हा रक्तातल्या लोहाचा, बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात फिका पडतो, थोड्यांचा त्याहून रेंगाळतो. लेझरनंतरचा काळा हा कातडी पोळल्याचा. तिसरा त्रास म्हणजे उपचार केलेल्या जागेभोवती नवीन अगदी बारीक लालसर जाळी उठते, ती बरेचदा आपोआप जाते पण महिने लागतात.

पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील, डोळ्यापुढे चमकणारी अर्धशिशी असेल, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात हे करत नाहीत. आणि नंतर एकच पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, किंवा टोचलेल्या जागी कातडी पांढरी-काळी पडून दुखणं वाढत गेलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

श्टुटगार्टची

वर निळीरेघ यांनी लिहिलंय त्याला अनुमोदन. इथे जर्मनीत शिरांचे स्पेशालिस्ट वेगळे असतात आणि ते पायाला सरळ इंजेक्शनच देतात, पोलिडोकॅनॉल नावाच्या औषधाचं. अमेरिकेत एफडीएने ते २०१० मध्ये मान्य केलं, इथे त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. मुळात सुन्न करायचं औषध म्हणून बनवलं होतं, म्हणून मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा झोंबत कमी. दिसण्यासाठी केलं तर इन्शुरन्स इथेही पैसे देत नाही.

मी स्वतः लेझर केलंय, पण नाकाच्या बाजूच्या लाल शिरांना. रबरबँड ताणून सोडल्यासारखं सटसट लागतं, बाजूने गार हवा मारत असतात. दोन दिवस नाक सुजलेलं, मग साफ. चेहऱ्यावर लेझर छान काम करतं, त्यावरून पायाचा अंदाज बांधू नकोस.

निळीरेघ

मेडिक्लेमचं राहिलं. कॉस्मेटिक कुठल्याही पॉलिसीत सहसा बसत नाही, बिलावर जीएसटीही लागतो. डॉप्लरमध्ये मुख्य शिरेत दोष निघाला आणि त्याची प्रोसिजर झाली तर ते आजारात मोडतं, पण व्हेरिकोजला बऱ्याच पॉलिसीत वेटिंग पिरियड असतो, कागद काढून बघा.

गवतीचहा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं.

अपडेट: डॉप्लर झालं. उभंच केलं, छोट्या स्टुलावर, एका पायावर भार देऊन, मांडीला ते थंड जेल. तिथली टेक्निशियन मुलगी पोटरी दाबून सोडायची की स्क्रीनवर रंग चमकायचा, आणि सोडल्यावर उलटा रंग किती वेळ टिकतो ते मोजत होती. अर्ध्या सेकंदाच्या वर गेला तर दोष म्हणे. मुख्य शिरा ठीक निघाल्या, गुडघ्यामागे मात्र एक पुरवठा करणारी शिर सापडली, म्हणजे आधी ती, मग मांडीची जाळी. मांडीला अशी मोठी शिर नाहीये म्हणून बहुतेक दोन-तीन बैठकींत उरकेल असा डॉक्टरांचा अंदाज.

क्लिनिकला फोन करून पल्स किती मिलीसेकंदांचा ते विचारलं. "मॅम, मी सिनियरना विचारून कॉल बॅक करते." त्यानंतर फोन बंद झालेत, हा एक मोठाच फायदा.

आता दोन प्रश्न उरले. पोहणं किती दिवस बंद? आणि दिवाळीनंतर करू की आत्ताच? आत्ता उकाडा आहे आणि मांडीपर्यंतचे स्टॉकिंग घालून वर्गात उभं राहायचं म्हणजे…

निळीरेघ

पोहणं साधारण दोन आठवडे थांबवायला सांगतात, टोचलेल्या जागा भरेपर्यंत आणि स्टॉकिंग उतरेपर्यंत. गरम पाण्याचे टब, स्टीम, जोरदार जिम तेवढेच दिवस नको. लांबचा विमानप्रवास असेल तर तारीख ठरवण्याआधी सांगा. ऊन पायावर पडू देऊ नका, तपकिरी डाग गडद होतो. घाई काहीच नाही, थंडीत करा, दिवाळीच्या सुट्टीला जोडून केलं तर उभं राहणंही वाचेल.

रानजाई

थंडीतच कर. आणि स्टॉकिंग ऑनलाइन अंदाजाने घेऊ नकोस, सर्जिकलच्या दुकानात घोटा, पोटरी, मांडी तिन्हीचं माप देऊन घे, तेही सकाळी, संध्याकाळी पाय सुजलेला असतो. दाबाचा क्लास कुठला ते डॉक्टरांकडून लिहून घे, मला क्लास टू दिला होता. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाल, नाहीतर नखाने फाटतं आणि ते स्वस्त नसतं.