मदत हवी आहे: 'गॅम्बल'ला मराठी शब्द?

लहान मुलांच्या गोष्टीचं भाषांतर करतेय, त्यात कोकरं कुरणात 'गॅम्बल' करतात. जुगारवाला गॅम्बल नाही हं, स्पेलिंगमध्ये शेवटी ओ-एल आहे, उच्चार तोच पण मूळ वेगळं. हा फ्रेंच 'गांबाद'वरून 16व्या शतकात इंग्रजीत आला आणि मागे इटालियन 'गाम्बा' म्हणजे पाय, त्यामुळे अर्थात पायांची उडी हवीच. चार दिवसांचं कोकरू चारही पाय एकदम उचलून जागच्या जागी टुणकन उडतं ना, अगदी तेच. 'बागडणे' गोड आहे पण त्यात उडी दिसत नाही, 'हुंदडणे'त ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं, 'उड्या मारणे' फारच सपाट. वाचणारी मुलं सहा-सात वर्षांची, त्यामुळे संस्कृत शब्द नको, बोलीतला चालेल. तुमच्याकडे शेळ्यामेंढ्या पाळणारे या उडीला नेमकं काय म्हणतात?